गिअरचा बाण कधी ऐकायचा, कधी नाही

भाचीला लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात ती मला शेजारी बसवून सिंहगड रस्त्याने निघाली. धायरी फाटा मागे पडला, रस्ता जरा मोकळा झाला, काटा पंचेचाळीसवर गेला आणि गाडी अजून दुसऱ्या गिअरमध्येच. इंजिन ओरडत होतं. मीटरच्या पडद्यावर २ या आकड्याशेजारी वर तोंड केलेला एक छोटा बाण केव्हाचा दिसत होता. तिने विचारलं, "मामा, हा बाण काय सांगतोय?"

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो तिला कुणी दाखवलाच नव्हता. शिकवणीचे सगळे दिवस पहिला-दुसरा, पहिला-दुसरा यातच गेले. तिसरा फार तर चार-पाच वेळा पडला असेल. म्हणून तिच्यासाठी मी एक टिपण लिहून दिलं. तेच वाढवून इथे देतोय, कारण नवी गाडी घेतलेल्या बऱ्याच जणांची हीच अडचण असते.

थोडक्यात उत्तर आधीच सांगतो. वरचा बाण म्हणजे वरचा गिअर टाका, खालचा म्हणजे खालचा. तो पाळून उपयोग होतो का? हो, होतो. नव्याने चालवणाऱ्याला तर चांगलाच होतो, कारण नवा माणूस खालच्या गिअरमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ राहतो आणि बाण नेमकी तीच सवय मोडतो. पण हा सल्ला सपाट, मोकळ्या रस्त्यापुरता आहे. घाटात, ओव्हरटेक करताना, स्पीडब्रेकरसमोर निर्णय तुम्हीच घ्यायचा. कुठे ऐकायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे एकदा नीट कळलं, की महिनाभरात हात आपोआप बरोबर जागी जातो.

पायरी १ : आपल्या गाडीत नेमकं काय दिसतं ते ओळखा

गाडी उभी असताना, इंजिन चालू करून मीटरकडे निवांत पाहा. काही गाड्यांत चालू गिअरचा आकडा आणि शेजारी वर किंवा खाली बाण येतो. काहींत टाकायच्या गिअरचाच आकडा येतो, म्हणजे तुम्ही तिसऱ्यात आहात आणि पडद्यावर ४ दिसतो. या दोन पद्धतींत गल्लत होते, आणि नवा माणूस "मी चौथ्यातच आहे" असं समजून तसाच चालवत राहतो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत या खुणेचं एक पान असतं, ते वाचा. ती पुस्तिका बहुतेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेली नसते.

मोटारसायकलवर नुसता गिअरचा आकडा दिसत असेल, तर तो सल्ला नसतो. कुठल्या गिअरमध्ये आहात एवढंच तो सांगतो. सल्ला देणारी खूण वेगळी असते आणि ती मोजक्याच बाइक्सवर असते.

ही कल्पना काही आजची नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोक्सवॅगनने 'फॉर्मेल ई' नावाने पेट्रोल वाचवणाऱ्या गाड्या आणल्या, त्यांत गिअर वाढवायची खूण होती. त्याच दशकात अमेरिकेतल्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत वर बाण दाखवणारा छोटा दिवा असे. पुढे युरोपीय संघाने २००९ साली ६६१/२००९ हा नियम केला आणि मॅन्युअल गिअरच्या प्रवासी गाड्यांना ही खूण सक्तीची केली. नव्या मॉडेलना १ नोव्हेंबर २०१२ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना १ नोव्हेंबर २०१४ पासून. आपल्याकडे आज साध्या हॅचबॅकपासून एसयूव्हीपर्यंत कितीतरी मॅन्युअल गाड्यांत ती मिळते.

पायरी २ : वरच्या गिअरमध्ये पेट्रोल का वाचतं, ते एकदा समजून घ्या

ही पायरी गाळू नका. कारण कळलं की बाण लक्षात ठेवावा लागत नाही.

माझ्याकडे बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला ती तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) आसपास फिरते, चौथ्यात सव्वादोन हजारांवर आणि पाचव्यात साडेसतराशेवर. गाडीचा वेग तोच, वाऱ्याचा विरोध तोच, टायरचं घर्षण तेच. म्हणजे गाडी पुढे ढकलायला लागणारी ताकद तिन्ही वेळा सारखीच. तरीही तिसऱ्यात पेट्रोल जास्त जातं. का?

पहिलं कारण सरळ आहे. इंजिन जितक्या वेळा फिरतं तितक्या वेळा पिस्टन, रिंग, बेअरिंग, ऑइल पंप यांचं घर्षण होतं. पाचव्यात मिनिटाला साडेसतराशे फेऱ्या, तिसऱ्यात तीन हजार. जास्तीच्या साडेबाराशे फेऱ्यांचं घर्षण फुकट भरायचं.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं आणि ते मला फार आवडतं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाची झडप असते. ॲक्सिलरेटर म्हणजे त्या झडपेचंच बटण. पाय हलका असला की झडप जवळजवळ बंद, आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढावी लागते. रसवंतीत उसाचा रस पिताना स्ट्रॉ चिमटीत धरून ओढून पाहा. गाल आत जातात, जोर लागतो आणि रस मात्र थोडाच येतो. इंजिनाचंही तसंच होतं. हवा ओढण्यातच त्याची ताकद खर्च होते. वरच्या गिअरमध्ये तेवढंच काम कमी फेऱ्यांत करायचं असल्यामुळे झडप जास्त उघडावी लागते, चिमटी सैल होते आणि ओढायचा त्रास कमी होतो. डिझेल इंजिनात हवेची वाट अशी आवळलेली नसते, म्हणून तिथे हा फायदा कमी मिळतो. घर्षणाचा मात्र मिळतोच.

यातून एक गोष्ट निघते, जी नव्या माणसाला उलटी वाटते. पेट्रोल वाचवायचं म्हणजे पाय घाबरत घाबरत ठेवायचा, असं नाही. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर बऱ्यापैकी दाबून ठरलेला वेग पटकन गाठा, पण गिअर लवकर लवकर वाढवत न्या आणि वेग जमला की वरच्या गिअरमध्ये पाय सैल करा. पाय हलका ठेवून दुसऱ्या-तिसऱ्यात रेंगाळण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

पायरी ३ : बाणाला काय कळतं आणि काय कळत नाही

गाडीच्या कॉम्प्युटरला आरपीएम, गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे माहीत असतं. इंजिनावर ताण किती आहे याचाही अंदाज असतो. त्यावरून तो हिशोब मांडतो : वरच्या गिअरमध्ये हेच काम कमी इंधनात होईल का? होत असेल तर वरचा बाण. इंजिन फार हळू फिरत असेल आणि ताण वाढत असेल तर खालचा.

हे सगळं या क्षणाचं झालं. पुढे वळण आहे, डावीकडून रिक्षा आत येतेय, शंभर मीटरवर शाळेसमोरचा स्पीडब्रेकर आहे, सिग्नल पिवळा झालाय, हे बाणाला दिसत नाही. तुम्हाला दिसतं. म्हणून बाण आणि तुम्ही यांत मतभेद झाला तर तुमचं खरं माना.

नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. युरोपच्या २०१२ च्या ६५ क्रमांकाच्या नियमात स्पष्ट अट होती की ही खूण पाळल्याने गाडीच्या सुरक्षिततेत बाधा येता कामा नये. इंजिन बंद पडणं, इंजिन ब्रेकिंग (इंजिनाच्या पकडीने गाडी हळू होणं) अपुरं पडणं आणि ताकद हवी तेव्हा ती न मिळणं, ही उदाहरणंही तिथे दिलेली होती. आपल्या घाटांत गाडी चालवताना नेमक्या याच तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या असतात.

पायरी ४ : पहिला आठवडा फक्त निरीक्षण

रविवारी सकाळी लवकर एखादा सपाट, मोकळा रस्ता निवडा. शेजारी कुणीतरी बसवा आणि त्याच्या हातात कागद-पेन द्या. गाडी चालवताना तुम्ही स्वतः लिहू नका, फोनवर तर मुळीच नाही.

सावकाश वेग वाढवत न्या. प्रत्येक गिअरमध्ये वरचा बाण आला की फक्त "आला" म्हणा. शेजारच्याने वेग आणि आरपीएम टिपून घ्यायचा. असं तीन वेळा करा. एकदा हलक्या पायाने, एकदा मध्यम, एकदा जरा जोरात. मग एसी लावून पुन्हा.

घरी येऊन कागद पाहाल तर दिसेल की बाण एकाच ठरावीक वेगाला येत नाही. हलक्या पायाने तो लवकर येतो. जोरात दाबलंत तर उशिरा येतो, कारण तुम्हाला ताकद हवी आहे असं त्याने ओळखलेलं असतं. "वीसला दुसरा, तीसला तिसरा, चाळीसला चौथा" ही पाठ करून घेतलेली कोष्टकं का फसतात ते इथे कळतं.

असंच एक कोष्टक प्रमाणित चाचणीतही असे. युरोपातल्या जुन्या इंधन-चाचणीत गिअर बदलायचे वेग आधीच ठरलेले असत : १५ ला दुसरा, ३५ ला तिसरा, ५० ला चौथा, ७० ला पाचवा. आपली मायलेजची प्रमाणित चाचणी त्याच धाटणीची आहे, फक्त कमाल वेग ९० वर बांधलेला. पुण्यातल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचं नाव लावून जाहिरातीत जो आकडा झळकतो तो अशा ठरवून दिलेल्या चक्रातून, प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून येतो. तिथे बाण काय म्हणतो याला काही अर्थ नसतो. तुमच्या रस्त्यावर मात्र असतो.

आरपीएमचा काटा वाचायला शिकण्याचा एक फायदा आणखी आहे. एका गिअरमध्ये वेग आणि आरपीएम कायम एकाच प्रमाणात असतात. चौथ्यात ६० ला २२५० असेल तर ४० ला १५०० असणार. हा हिशोब जमला की चाळीसने चाललेली गाडी पाचव्यात टाकली तर इंजिन अकराशे-बाराशेवर येऊन गुदमरेल, हे टाकण्याआधीच कळतं.

पायरी ५ : दुसरा आठवडा, बाण आला की गिअर

आता बाण पाळायला लागा. घाई नको. बाण कधी कधी क्षणभर येतो आणि जातो. एक सेकंद टिकला तर गिअर टाका. ॲक्सिलरेटर सोडा, क्लच पूर्ण दाबा, गिअर टाका, क्लच सोडत सोडत पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर. अर्ध्या क्लचवर गाडी चालवायची नाही. त्याने वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पैसे क्लच प्लेटला जातात.

नजर रस्त्यावरच. बाण पाहायचा म्हणून मान खाली घालायची नाही. आरसा पाहताना जशी नजर टाकून लगेच परत आणतो, तसंच. गर्दीत तर पाहूच नका; तिथे कानावर विसंबा. इंजिनाचा आवाज चढायला लागला की वरचा, स्टिअरिंगला आणि सीटला थरथर जाणवली की खालचा.

चौथ्यातून तिसऱ्यात, मग दुसऱ्यात असं प्रत्येक पायरीने उतरायची गरज नसते, हेही या आठवड्यात समजून घ्या. सिग्नल लाल दिसला की पाय काढा, गाडी चौथ्यातच हळू होऊ द्या, हलका ब्रेक लावा आणि वेग पंचवीसच्या आसपास आला की थेट दुसरा. मधल्या गिअरची फेरी करत बसलात तर क्लच नुसता झिजतो.

पायरी ६ : जिथे बाणाचं ऐकायचं नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

*घाट उतरताना.* खंबाटकी, कात्रज, बोरघाट, आंबोली, कुठलाही घ्या. उताराला तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. कॉम्प्युटरला वाटतं, ताकद नकोय, वेग तर चांगला आहे, मग वरचा गिअर टाका. आणि तो वरचा बाण दाखवू शकतो. त्याक्षणी त्याचं ऐकलंत तर इंजिनाची पकड सुटते, गाडी सुसाट होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तापलेले ब्रेक वितळल्यासारखे मऊ होतात, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. उताराला नियम जुनाच : ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. दुसरा किंवा तिसरा. इंजिन तीन हजारावर गुरगुरलं तरी चालेल.

इथे एक गैरसमज मुळापासून काढून टाकायचा आहे. "उताराला न्यूट्रल टाकलं की पेट्रोल वाचतं" हे घरोघरी ऐकायला मिळतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय काढला आणि आरपीएम पुरेसा असला, की कॉम्प्युटर इंधन पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरलात तर ब्रेकवर भारही जास्त आणि पेट्रोलही जास्त. मीटरवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी असेल तर गिअरमध्ये पाय काढून पाहा, ती टोकाला जाऊन चिकटते. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किती अपघात झाले आणि त्यांत डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांचा विषय किती वेळा निघाला, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. त्या रस्त्याने मी रोज जातो. म्हणून हे इतकं जीव तोडून लिहितोय.

*घाट चढताना.* चढाला वळण आलं की तुम्ही पाय काढता, क्षणभर ताण कमी होतो, वरचा बाण येतो. टाकलात वरचा, तर वळणातून बाहेर पडताच गाडी ओढत नाही आणि परत खालचा टाकावा लागतो. दोन वेळा क्लच, मधे गेलेला वेग, मागच्या बसचा हॉर्न. चढाला गाडी जिथे न कुंथता ओढते तो गिअर धरून ठेवा.

*ओव्हरटेक करताना.* दुपदरी रस्त्यावर एसटी किंवा उसाचा ट्रॅक्टर मागे टाकायचा तर आधी एक गिअर उतरवा, मग बाहेर निघा, आणि पूर्ण आत येईपर्यंत गिअर बदलू नका. समोरून गाडी येत असताना बाण पाहणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. तिथे पेट्रोलचा विचारच नको.

*स्पीडब्रेकर, खड्डे, गावातली वस्ती.* खालचा बाण येईपर्यंत थांबू नका. तो इंजिन गुदमरायला लागल्यावर येतो. तुम्हाला स्पीडब्रेकर आधी दिसलाय. दुसरा आधीच टाका.

*गाडी भरलेली असताना.* पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, वर एसी. कॉम्प्युटर ताण ओळखतो, पण त्याला जितका वेळ लागतो तितक्यात गाडी मंदावलेली असते. गिअर थोडा उशिरा वाढवा. सीएनजीवरही तसंच, गॅसवर त्याच इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा थोडी कमी असते.

पायरी ७ : खालचा बाण दुर्लक्षू नका

बाण म्हटलं की लोकांना वरचाच आठवतो. पण अर्धं शिक्षण खालच्या बाणात आहे. "वरचा गिअर म्हणजे ॲव्हरेज" हे एकदा डोक्यात बसलं की काहीजण तीसच्या वेगाला चौथा आणि चाळीसला पाचवा दामटतात. गाडी घरघरते, खडखडते, तरी गिअर उतरवत नाहीत. याने पेट्रोल वाचत नाही. कमी आरपीएमवर पाय खोल दाबला तर इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे आतून ठोकल्यासारखा आवाज येतो. मग कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे सरकवतो आणि कार्यक्षमता घसरते.

टर्बो पेट्रोल गाडी असेल तर आणखी जपा. लहान टर्बो इंजिनात, विशेषतः थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या, कमी आरपीएमवर एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तर मिश्रण ठिणगीआधीच पेट घेऊ शकतं. असा एक झटकासुद्धा पिस्टनला महागात पडू शकतो. जोर हवाय? आधी गिअर उतरवा, मग दाबा.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी वेगळी सूचना. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. रोज चार किलोमीटर ऑफिस, चार किलोमीटर घर, तेही कायम बाराशे-पंधराशे आरपीएमवर, असं महिनोन्महिने केलं तर फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. आठ-पंधरा दिवसांतून एकदा हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटं, एक गिअर खाली ठेवून, दोन हजारांच्या वर चालवा. त्या वेळी वरचा बाण दिसत राहील. दिसू दे. दिवा लागलाच तर पुस्तिकेत दिलेली पद्धत लगेच पाळा, टाळू नका.

एएमटी, म्हणजे क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर हे सगळं कॉम्प्युटर स्वतःच करतो. फक्त घाटात लिव्हर मॅन्युअलला घ्या आणि वरचे नियम लावा.

पायरी ८ : फरक पडला का, हे स्वतः मोजा

मीटरवरच्या ॲव्हरेजच्या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका, टाकीवर मोजा. एका ठरलेल्या पंपावर, शक्य तर त्याच नोझलवर, पहिल्या कटऑफपर्यंत (नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरा. ट्रिप मीटर शून्य करा. तीनशे-चारशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा. पुन्हा त्याच पंपावर पहिल्या कटऑफपर्यंत भरा. किलोमीटरला लिटरने भागा. मग पुढच्या दोन टाक्या बाण पाळून चालवा आणि तसंच मोजा. टायरमधली हवा दोन्ही वेळा सारखी ठेवा. ती कमी असेल तर गिअरने मिळवलेलं सगळं तिथे जातं.

मधेच कोकणात जाऊन आलात किंवा पावसात तासन् तास अडकलात तर ती टाकी हिशोबात धरू नका. ऑफिसच्या रस्त्याची ऑफिसच्या रस्त्याशीच तुलना करा.

समजा ॲव्हरेज १७ वरून १८ वर गेलं. महिन्याला हजार किलोमीटर होत असतील तर ५८.८ लिटरच्या जागी ५५.६ लिटर लागतील. सव्वातीन लिटर वाचले. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर साधारण ३४० रुपये. फार मोठी रक्कम नाही, पण एकही पैसा खर्च न करता दर महिन्याला मिळणारी आहे. शिवाय गाडी शांत चालते, शेजारी बसलेल्या आईला झोप लागते, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

खरं सांगायचं तर, ज्यांना वीस वर्षं गाडी चालवायची सवय आहे त्यांच्या ॲव्हरेजमध्ये बाणाने फारसा फरक पडत नाही. त्यांचे कान आधीच तयार असतात. गच्च ट्रॅफिकमध्येही नाही. चांदणी चौकात संध्याकाळी सात वाजता पहिला-दुसराच चालतो आणि उभ्या गाडीचं चालू इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं. तिथे लांबचा सिग्नल असेल तर इंजिन बंद करणं, आणि पुढच्या गाडीला चिकटून पुन्हा पुन्हा ब्रेक न मारणं, याचा फायदा गिअरच्या बाणापेक्षा जास्त होतो.

पायरी ९ : बाणाच्या आधी गिअर

महिना झाला की खेळ उलटा करा. बाण येण्याआधी, कानाने ठरवून गिअर टाका आणि मग पडद्याकडे एक नजर. टाकल्यावर खालचा बाण आला तर तुम्ही घाई केलीत. टाकायच्या आधीच वरचा आला तर उशीर केलात. काहीच आलं नाही तर बरोबर जमलं. दहा वेळा करा आणि किती जमले ते मोजा.

भाचीचे पहिल्या दिवशी दहापैकी चार आले. आता ती हिंजवडीला जाते-येते, आणि सपाट रस्त्यावर तिचे आठ-नऊ येतात. परवा खंबाटकी उतरताना वरचा बाण आला. तिने तो पाहिला, काही बोलली नाही, आणि गाडी दुसऱ्यातच ठेवली.